चाहत्यांची अभिप्राय वही

चाहता या प्राण्याबद्दल मला आदर नाही, हे आधीच सांगून टाकते. माझा धाकटा भाऊ गेली अठरा वर्षं एका रॉक बँडमध्ये गातो, त्यामुळे हा प्राणी मी फार जवळून पाहिला आहे. त्याला घरात घेतलं आहे, चहा पाजला आहे, त्याचं बोलणं ऐकून घेतलं आहे. तो माझ्या भावाला ‘दादा’ म्हणतो, ‘तुमच्या गाण्यांनी मला जगवलं’ असं तोंडावर सांगतो, आणि नवीन गाणं आलं की पहिला तोच नाक मुरडतो. मी शाळेत सव्वीस वर्षं मराठी शिकवते आहे. न वाचता उत्तर लिहिणारी मुलं मला लांबून ओळखू येतात. मोठेपणी ती कुठे जातात याचं उत्तर मला भावाच्या कार्यक्रमांत मिळालं.

बँडचा पहिला अल्बम बारा वर्षांपूर्वी आला. त्यात एक गाणं असं आहे की त्यात ‘सोड’ हा शब्द बावीस वेळा ओरडून म्हटला आहे. काय सोड, कुणाला सोड, ते शेवटपर्यंत कळत नाही. पुण्यातल्या यच्चयावत इंजिनीअरिंग होस्टेलांनी ते डोक्यावर घेतलं. त्यानंतर सगळ्यांच्या नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, बँड अधूनमधून वाजवत राहिला आणि मध्ये दोन वर्षं तर अगदीच बंद पडला.

ती दोन वर्षं माझ्या चांगली लक्षात आहेत. भाऊ हिंजवडीत नोकरी करतो, तिकडेच राहतो, रविवारी जेवायला माझ्याकडे येतो. त्या दोन वर्षांत तो दर रविवारी आला, जेवला आणि गेला. भाजीत मीठ कमी आहे की बरोबर, याखेरीज तो माझ्याशी काही बोलल्याचं आठवत नाही. मला त्या माणसाची भीती वाटायची. म्हणून बँड पुन्हा सुरू झाला तेव्हा, मला ते संगीत कळत नसूनही आणि खरं म्हणजे सहन होत नसूनही, मी देवापुढे साखर ठेवली होती.

आता दुसरा अल्बम तयार झाला होता. नऊ गाणी. भाऊ म्हणाला, या वेळी ओरडलेलो नाही. पण मोठी अडचण गिटार वाजवणाऱ्याची होती. तो आणि भाऊ कॉलेजपासूनचे मित्र. ड्रम वाजवणारे आजवर चार बदलले. बँड म्हणजे खरं तर हे दोघंच. त्याच्या कंपनीने त्याला बंगळूरला जायला सांगितलं होतं आणि सोमवारी सकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. माझ्याकडे पोहे खाताना तो म्हणाला, “ताई, लोकांना आवडला तर नाही जात. दुसरी नोकरी बघेन. पण नाही आवडला तर चाळिशीत आता कुणासाठी वाजवायचं, सांगा.” भाऊ ताटलीतली कोथिंबीर बाजूला काढत बसला होता.

म्हणून असं ठरलं, की अल्बम बाहेर येण्याआधी जुन्या चाहत्यांना बोलवायचं, एका सभागृहात तो मोठ्या स्पीकरवर ऐकवायचा आणि त्यांचं मत घ्यायचं. भावाला फोनवरच्या प्रतिक्रियांचा वीट आला होता. मी म्हटलं, “अभिप्राय वही ठेव.” आमच्या शाळेत प्रदर्शन असो की निरोप समारंभ, वही असतेच. पुण्यातला माणूस एकवेळ जेवण टाळेल, पण मत लिहायला कोरं पान दिसलं की थांबणारच. कल्पना माझी होती, म्हणून वहीपाशी बसायचं कामही माझ्याकडे आलं.

शनिवारी सकाळी साडेदहाची वेळ. स्वारगेटच्या मागे एक लहान सभागृह आहे, तिथे एरवी निवृत्त प्राध्यापकांची पुस्तकं प्रकाशित होतात. मी दाराबाहेर टेबल मांडलं, वही उघडली, पेन दोरीने टेबलाच्या पायाला बांधलं. चाहते यायला लागले. बऱ्याच जणांनी पहिल्या अल्बमच्या वेळचे काळे टी-शर्ट मुद्दाम घातले होते. ते शर्ट विशीतल्या पोटांसाठी शिवले होते आणि आता त्यांच्यावरची अक्षरं आडवी ताणली जाऊन वाचता येत नव्हती. एकमेकांना मिठ्या मारून ते कर्जाचे हप्ते, मुलांच्या शाळा आणि पाठदुखी यांवर बोलत होते. क्रांती करायला आलेल्या माणसांनी सोसायटीच्या पार्किंगवर इतकं बोलू नये, असं माझं मत आहे.

दार बंद झालं आणि अल्बम सुरू झाला. मी बाहेरच होते. भिंतीतून नुसतं धडधड ऐकू यायचं, वरच्या मजल्यावर कुणी मसाला कुटत असावं तसं.

तिसरं गाणं संपता संपता एक गृहस्थ धापा टाकत आले. हिंजवडीहून दीड तासापूर्वी निघालो, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. आत गेले. शेवटचं गाणं सुरू व्हायच्या आत फोन कानाला लावून बाहेर आले, फोन संपवला आणि वहीत पहिला अभिप्राय त्यांनीच लिहिला: ‘ट्रॅफिकमुळे पहिली तीन गाणी हुकली. तरी एकंदर अल्बम फसला आहे असे स्पष्ट मत.’

मला राहवलं नाही. “अहो, तीन गाणी आपण ऐकलीच नाहीत ना? आणि शेवटचं आत्ता चाललंय.”

“मॅडम, अंदाज येतो ना,” ते म्हणाले आणि दोरी ताणून त्यांनी खाली झोकदार सही केली.

मग दार उघडलं आणि टेबलाभोवती झुंबड उडाली. एकाने अख्खं पान घेऊन मोठ्या अक्षरांत विचारलं, ‘सोड का नाही???’ नवीन अल्बम ऐकायला बोलावलं होतं, हे त्याच्यापर्यंत पोचलंच नसावं. एकाने दीड पान स्वतःच्या कॉलेजच्या आठवणी लिहिल्या, होस्टेलची मेस, तुटलेली बाइक, कुणी एक मुलगी, आणि शेवटी ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’. अल्बमचा उल्लेख नाही. एकाने खुर्च्या कडक असल्याचं नोंदवलं. एकाने ‘व्हाइब मिसिंग आहे’ एवढंच लिहिलं आणि त्याला आपण फार नेमकं बोललो असं वाटत असल्याचं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. हडपसरकडचा एक जण लिहायला तयार नव्हता, तोंडीच म्हणाला, “मॅडम, जुनं लय भारी व्हतं. ह्ये ऐकून झोप येती.” निदान तो ऐकून बोलला, म्हणून त्याला मी चहा दिला.

सगळ्यांत जास्त राग मला आला तो साठीच्या एका गृहस्थांचा. पांढरा शर्ट, एकटेच आलेले, कुणाशी बोलले नाहीत. गर्दी ओसरल्यावर त्यांनी बारीक अक्षरांत लिहिलं: ‘चौथ्या गाण्यात गायकाने आवाज राखून गायले आहे. कुणासाठी राखला?’ पेन जागेवर ठेवलं आणि गेले. माझ्या भावाने बारा वर्षं लावली आणि हे दोन ओळींत त्याची परीक्षा घेऊन मोकळे! आगाऊ म्हातारा, असं मी मनात म्हटलं.

रविवारी दुपारी मी वही नीट वाचली. संध्याकाळी सहाला बँड माझ्याकडे येणार होता आणि तेव्हाच काय ते ठरणार होतं. एकतीस अभिप्राय होते. त्यातले पाच बरे म्हणता येतील असे, तेही ‘प्रयत्न चांगला’ या जातीचे. बाकीच्यांना पहिला अल्बम पुन्हा हवा होता. खरं तर त्यांना पुन्हा वीस वर्षांचं व्हायचं होतं आणि ते काम माझ्या भावाने करून द्यावं अशी त्यांची अपेक्षा होती. मला इतका संताप आला की मी वही दोनदा बंद करून पुन्हा उघडली. संतापाच्या खाली मात्र भीती होती. मला ते मिठाचे रविवार दिसायला लागले होते.

मग मी जे केलं ते सांगते. टेबलावरच्या मगातून सहा पेनं काढली आणि वहीतल्या मोकळ्या जागांत सहा अभिप्राय लिहिले.

सव्वीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्यावर माणसाला अक्षरं येतात. उजवीकडे कललेलं, गोल गरगरीत, शिरोरेघ न देणारं, घाईत मात्रा उडवणारं, सगळी माझ्या हातात होती. एक अभिप्राय कॉलेजच्या मुलीचा केला, एक बँकेतल्या माणसाचा, एक आईने लिहावा तसा. दोन ठिकाणी मुद्दाम शुद्धलेखन चुकवलं, तेवढं करताना मात्र हात अडला. मजकूर सुचायला काहीच वेळ लागला नाही. सभागृहात वाटलेल्या कार्डावर नऊ गाण्यांची नावं छापली होती, ती समोर ठेवून लिहीत गेले. सातव्या गाण्याचं नाव ‘दुपार’ होतं. मला ते नाव आवडलं. शिरोरेघ न देणाऱ्या अक्षरात मी लिहिलं: ‘दुपार या गाण्याचे शब्द काळजाला भिडले. इतके साधे शब्द सुचायला मन मोठं लागतं.’ लिहून झाल्यावर मला स्वतःलाच जरा भरून आलं.

अल्बम भावाने मला तीन आठवड्यांपूर्वीच फोनवर पाठवला होता. मी लावला, तेव्हा हात कणकेचे होते. दोन मिनिटांत शाळेतून फोन आला आणि ते राहिलं. त्याने विचारल्यावर ‘छान झालाय’ म्हणाले होते. तो किती खूश झाला होता.

सहाला तिघं आले. वही गिटारवाल्याने घेतली आणि सूत्रसंचालकाच्या आवाजात मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ट्रॅफिकवाल्याला सगळे हसले. ‘सोड का नाही’लाही हसले, पण कमी. खुर्च्यांपर्यंत येता येता त्याचा आवाज साधा झाला होता. पांढऱ्या शर्टवाल्याचं वाचल्यावर भाऊ म्हणाला, “परत वाच.” त्याने परत वाचलं. भाऊ म्हणाला, “हा ऐकत होता.”

मग माझी मंडळी सुरू झाली. कॉलेजची मुलगी वाचताना गिटारवाला सावरून बसला. बँकेतल्या माणसाला “वा!” म्हणाला. आईच्या अभिप्रायावर ड्रमवाल्याने मांडीवर हलका ठेका धरला. मी चहा आणायला स्वयंपाकघरात गेले, कारण माझा चेहरा मला आवरेना. जमतंय, असं वाटत होतं.

“दुपार या गाण्याचे शब्द काळजाला भिडले,” बाहेर गिटारवाला वाचत होता. “इतके साधे शब्द...” तो थांबला.

ड्रमवाला खो खो हसायला लागला. “शब्द? ‘दुपार’ला शब्द कुठे आहेत?”

मी ट्रे घेऊन दारातच उभी राहिले. गिटारवाला हसला नाही. त्याने पानावरून बोट फिरवलं, पुन्हा ती ओळ वाचली आणि माझ्याकडे बघून, मला माहीत नसेल म्हणून समजावल्यासारखं म्हणाला, “ताई, त्यात नुसती गिटार आहे. पाच मिनिटं मी एकटा वाजवतोय.” मग वही मिटून त्याने टीपॉयवर ठेवली. “म्हणजे ऐकलं त्यांना आवडलं नाही, आणि आवडलं त्यांनी ऐकलंच नाही. उद्या सकाळी बंगळूरचं कळवून टाकतो.” तो रागावलेला नव्हता. त्याला सुटल्यासारखं वाटत असावं, आणि तेच मला बघवेना.

भावाने वही उचलली. ते पान उघडून तो बघत बसला. त्याला लिहायला मी शिकवलं आहे, पाटीवर हात धरून. सहा पेनं वापरली काय आणि साठ वापरली काय. तो मान वर न करता म्हणाला, “चहा घ्या रे, गार होतोय.” पुढे तासभर बसून त्यांनी बंगळूरमधल्या घरभाड्यांवर गप्पा मारल्या.

दोघं गेल्यावर भाऊ बुटांच्या नाड्या बांधायला दारात बसला. मी मागे उभी होते. म्हटलं, “अरे, मला वाटलं, तो जाऊ नये. तुझ्यासाठी म्हणून...”

“माहीत आहे मला,” तो म्हणाला. दुसऱ्या बुटाची नाडी त्याने सावकाश बांधली आणि उठून उभा राहिला.

“ताई, सगळी नऊ गाणी मिळून चाळीस मिनिटांचीच आहेत गं.”