जेवणानंतरची गोळी

दोन हजार साल उलटल्यावर कधीतरी माझी बायपास झाली. नागपूरहून सिंदी मेघेच्या घरी परतलो, तर भेटायला येणारा प्रत्येक जण आधी एकच विचारायचा, "ओयखलं का मले?" समुद्रपूरकडचे शेतकरी, ज्यांना मी वर्षानुवर्षं दुकानातून बियाणं दिलं, तेसुद्धा! ऑपरेशन छातीचं झालं होतं, पण बातमी डोक्याची पसरली होती.

याला कारण वर्ध्याचे आमचे डॉक्टर. मुलाच्या देखत म्हणाले, "अशा ऑपरेशननंतर काही जणांची आठवण ढिली पडते. ही गोळी कोलेस्टेरॉलची. ती डोक्यालेही जपते असं काही जण म्हणतात. पक्कं कोणी सांगत नाई, पण हृदयासाठी तर पाहिजेच. चुकवू नका." पक्कं माहीत नाही आणि चुकवू नका! असं सांगून मी बियाणं विकलं असतं तर लोकांनी दुकान फोडलं असतं.

तेव्हापासून घरात माझ्यावर पहारा बसला. सून सहज विचारल्यासारखं विचारायची, "बाबा, काल भाजी कोणती होती?" मी मुद्दाम चुकीची सांगायचो. मग स्वयंपाकघरात कुजबुज व्हायची. गोळीचा ताबा बायकोकडे होता. जेवण झालं की ती गोळी हातावर ठेवायची आणि पाण्याचा गिलास द्यायची.

एकदा गोळी घेऊन झाली, आणि थोड्या वेळानं ती पुन्हा गोळी घेऊन उभी.

"आताच तर देली ना तू!" मी खेकसलो.

"मी कुठं देली? तुमीच इसरले."

मुलगा आणि सून लगेच तिच्या बाजूनं. मला वाटलं, तिघांनी मिळून नवीन परीक्षा काढलेली दिसते. मला वेडा ठरवलं की दुकानाच्या किल्ल्या आपोआप मुलाच्या हातात. मी गोळी घेतली नाही. पण मनात पाल चुकचुकली, मघाशी खरंच घेतली होती ना मी?

दुसऱ्या दिवशी मीच डाव टाकला. गोळी तोंडात टाकल्यासारखं केलं, सदऱ्याच्या खिशात सारली आणि वरून पाणी प्यालो. ती ताटं उचलून आत गेली आणि बाहेर आली ती गोळी घेऊनच.

मी खिसा चाचपला. पहिली गोळी तिथंच होती. आता सगळ्यांसमोर तिला खोटं पाडायचं, म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. त्यात लपवाछपवी नव्हती. तिला खरोखरच आठवत नव्हतं. आम्ही सगळे माझ्या डोक्यावर नजर ठेवून बसलो होतो, तिच्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

"काऊन असे पाहून राह्यले? घेतली नाई ना अजून?"

"नाई," मी म्हणालो. "इसरलोच मी."

मुलानं सुनेकडे पाहिलं. पाहू दिलं. बायकोनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"घाबरू नका," ती म्हणाली, "मी आहो ना आठवण द्यायले."

मी गोळी गिळली. इतकी भीती मला ऑपरेशनला नेतानाही वाटली नव्हती.