पाहुण्याचा भात
तव्यावर नागलीची भाकरी फुगल्याचा वास आला, की मला आमच्या साखरशेत गावातली एक दुपार आठवते. जव्हार संस्थान नुकतंच विलीन झालं होतं आणि मी मुंबईच्या गोदीतलं काम कायमचं सोडून घरी परतलो होतो. केसांना सुगंधी तेल, डोळ्यांवर काळा चष्मा, खांद्यावर पत्र्याची ट्रंक. अंगणात असा काही प्रवेश केला की कोंबड्यासुद्धा बाजूला झाल्या! दादा जेवायला बसला होता. वहिनीने मला घोंगडी अंथरली आणि ताटात वाफाळता भात वाढला. दादाच्या ताटात मात्र भाकरी. तांदूळ आम्हीच पिकवायचो, पण तो जायचा बाजारात; घरात भात शिजायचा तो पाहुणा आला तरच. "वहिनी, मलाबी भाकर दे ना. मी काय पावना हाय?" मी हसून म्हणालो. "मंबईचा मानूस तू, घशात टोचंल," वहिनी म्हणाली. दादाने खाली बघतच विचारलं, "किती दिस हायस?" मी ऐटीत चष्मा काढला. "आता जायचाच नाय. उद्यापासून तुझ्यासंगं नांगराला!" दादाचा घास हातातच राहिला. वडील गेल्यापासून ती जमीन तो एकटा कसत होता, आणि तिच्यात निम्मा वाटा माझा होता. मी वाटा मागायला आलो नव्हतो, पण ते सांगायचं सोडून मी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. वहिनीने माझ्याकडे न बघता ताटात आणखी भात वाढला. आज ही गोष्ट मी चष्म्यासकट रंगवून सांगतो, लोक पोट धरून हसतात. दादा समोर बसला असेल, तर मात्र दुसरीच एखादी गोष्ट सांगतो.