बबिताची पाठमोरी उडी

सोनपेठची बबिता बापाच्या विहिरीत पोहायला शिकली आणि पुढं दहा मीटर उंचीवरून सूर मारण्यात राष्ट्रीय विजेती ठरली. खांदा दुखावला तशा स्पर्धा सुटल्या. लग्न होऊन ती ताडकळसला आली.

सून रोज दुपारी रिकाम्या हातानं मळ्यातल्या विहिरीवर जाते, हे सासू कासाबाईला खटकू लागलं. शेजारीण म्हणाली, "लक्ष ठेवा, पोरगी सुखात दिसंना." कासाबाईनं मुलाला विचारलं, "तू तिला काई बोललास का?" तो नाही म्हणाला. तिला ते पटलं नाही.

एका दुपारी ती तुरीआडून सुनेच्या मागं गेली. बबिता पाण्याकडं पाठ करून कठड्यावर उभी होती.

"बबे, थांब! काय दुखतंय ते सांग मला!"

तोवर बबिता गिरकी घेऊन पाण्यात शिरली होती. वर येऊन ती म्हणाली, "आत्याबाई, खांदा बरा झालाय का बघायलेय."

"मंग सांगून का न्हाई आलीस?"

"तुमी येऊ दिलं असतं का?"

दुसऱ्या दिवसापासून कासाबाईही तिच्यासोबत विहिरीवर जाऊ लागली.

त्या हिवाळ्यात बबिता पुन्हा राज्यस्पर्धेत उतरली आणि तिसरी आली. सोबत गेलेली कासाबाई गुण देणाऱ्यांकडं रोखून बघत म्हणाली, "तिसरी कशी? ह्यांच्यात काईतरी शिजलंय."