ट्रेमधल्या अक्षता

आमच्या नांदुऱ्याच्या घरात कॉम्प्युटर आला तो दुकानातून निवृत्त होऊन. नवऱ्याचं बी-बियाण्यांचं दुकान. तिथे नवा घेतला आणि जुना पिवळटलेला डबा माझ्या स्वाधीन झाला, कारण मी शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवत होते. शिकवते म्हणजे सगळं येतं असा घरात समज होता आणि तो मी कधी दूर केला नाही. मधल्या खोलीत, सासूबाईंच्या पलंगासमोर टेबल मांडून त्यावर तो ठेवला. दुसरीकडे जागा नव्हती, एवढंच कारण.

त्या वर्षी उन्हाळ्यात सासूबाईंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. बोलणं लवकर सुधारलं, पायही काठीशिवाय चालायला लागला. उजवा हात मात्र मागे राहिला. खामगावच्या डॉक्टरांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला. मी लहान लेकरू आहे काय, असं म्हणून सासूबाईंनी तो गव्हाच्या कोठीत टाकला. दळण काढताना तो माझ्या हाती लागायचा, मी त्यांच्या उशाशी नेऊन ठेवायचे आणि पुढच्या दळणाला तो पुन्हा कोठीतच सापडायचा. आम्ही दोघी सारख्याच हट्टी. सासरे म्हणायचे की या दोघींच्या मधे पडण्यापेक्षा पिंपळगाव राजाच्या शेतावर जाऊन निंदण केलेलं बरं, आणि खरंच निघून जायचे.

सासूबाईंना नाद एकच, पत्त्यांचा. त्यांच्या माहेरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बायकांचे डाव रंगायचे, त्यात त्या तयार झालेल्या. पण पानं धरायला एक हात आणि टाकायला दुसरा लागतो. आजारपणानंतर गल्लीतल्या बायका दुपारी डावाला बोलवायला यायच्या, तर सासूबाई झोपेचं सोंग घ्यायच्या. ते मला बघवेना. मग एके दिवशी मी कॉम्प्युटरवरचा एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव लावला, त्यांचा उजवा हात उचलून माउसवर ठेवला आणि स्वयंपाकाला निघून गेले. परत आले तर त्या स्क्रीनवरच्या बाणाला शिव्या घालत होत्या. तो कुठेही पळत होता. पण हात माउसवरून काढला नव्हता.

पोळ्यापर्यंत त्यांची राणी राजावर बसायला लागली. बटण दाबून धरायचं, पान ओढत न्यायचं, नेमकं जागेवर सोडायचं. चेंडूने जे झालं नसतं ते या खेळाने होत होतं, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होते.

दसरा झाला, दिवाळी झाली आणि मशीन बिघडायला लागलं. नवरा दुकानातून पेन ड्राइव्ह आणायचा, त्यात बियाण्यांच्या दरांच्या याद्यांबरोबर गावभरचे व्हायरस यायचे. विंडोज सुरू व्हायला कुकरच्या सगळ्या शिट्ट्या होऊन वरण निवेपर्यंत वेळ लागे. आणि सुरू झालं तरी मधेच अडकायचं. सासूबाईंनी पान उचललं की ते अर्ध्या वाटेत थांबायचं आणि मग हलता हलायचं नाही.

हे मला नुसतं वैतागाचं वाटत होतं. सासूबाईंना काय वाटत होतं ते एका दुपारी कळलं. त्या खेळता खेळता थांबल्या, हात माउसवरून काढून पदराखाली घेतला आणि मला म्हणाल्या, "माहा हात गेला वो बाई परत."

मी समजावलं. हात ठीक आहे, मशीन अडकतंय. त्यांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. आजारी माणसाची समजूत काढताना सगळे खोटं बोलतात हे त्यांना पाठ होतं, कारण स्वतःच्या सासूशी त्या तसंच बोलत आल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्या टेबलाकडे पाठ करून बसायला लागल्या. हात पदराखालीच. पाणीसुद्धा डाव्या हाताने प्यायच्या. आठवडाभरात बोटं पुन्हा आखडल्यासारखी दिसायला लागली आणि मी घाबरले. चांगलीच घाबरले.

ज्याला विचारावं तो म्हणे फॉरमॅट मारा. नवरा म्हणे फॉरमॅट मार, शाळेतले सर म्हणत फॉरमॅट मारा, दुरुस्तीवाला तर मशीन न बघताच तेच म्हणाला. पण फॉरमॅट करून सगळं पुसल्यावर विंडोज पुन्हा टाकायचं तर सीडी लागते, आणि सीडीचा ट्रे बाहेरच येईना. शेवटी त्याच्या बारक्या छिद्रात सेफ्टी पिन घालून तो बाहेर ओढला.

ट्रेमध्ये हळद होती, कुंकू होतं, लाल झालेल्या अक्षता होत्या आणि विरघळून चिकटलेला गुळाचा खडा होता. खड्याला मुंग्या.

नवरा जमिनीवर बसून हसला. आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळी, कुऱ्हाड, शिलाई मशीन, दुकानातला काटा, स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. कॉम्प्युटरलाही मी फूल वाहिलंच होतं. पण ट्रे ही नैवेद्याची ताटली आहे असं मला सुचलं नव्हतं. ते कुणाला सुचलं असेल हे ओळखायला अक्कल लागत नव्हती. मी सासूबाईंकडे पाहिलं, त्या भिंतीकडे बघत होत्या. मी नवऱ्याला चहा करायला पाठवलं आणि कापसाने पुसायला बसले. पुसलं खरं, पण गुळाचा थर आतल्या भिंगापर्यंत गेला होता. सीडी वाचायचं त्याने कायमचं सोडून दिलं.

मशीन इतकं जुनं की पेन ड्राइव्हवरून सुरू होत नव्हतं. सीडी मेलेली. उरली फक्त हार्ड डिस्क, आणि तिच्यावर बसलेलं ते दमेकरी विंडोज. मला भयंकर राग आला, आणि राग आला की मी कामाला लागते. शाळा सुटल्यावर नेट कॅफेत बसून वाचत राहिले, तेव्हा उमगलं की विंडोज न पुसतासुद्धा त्याच डिस्कवरून विंडोजऐवजी चालणारं एक हलकं, फुकटचं लिनक्स सुरू करता येतं. त्याच्या मोजक्या फायली विंडोजच्या शेजारी एका फोल्डरमध्ये ठेवायच्या. एक छोटी फाइल सुरुवातीला दार उघडणारी. आणि विंडोजच्या स्वतःच्या सुरुवातीच्या यादीत एक ओळ वाढवायची. घरमालकाची झोप न मोडता पाहुणा ओसरीवर उतरवायचा, तसलाच प्रकार.

पेन ड्राइव्हवर सगळं उतरवून आणलं. रविवारी दुपारी लोडशेडिंग संपलं तशी बसले. थंडीचे दिवस होते. सासूबाई पलंगावर बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होत्या, डाव्या हाताने आणि दाताने. मी रडतखडत चालणाऱ्या विंडोजमधून फोल्डर केलं, फायली ओतल्या. ती यादीची फाइल लपवलेली असते आणि बदलूही देत नाही. तिच्या दोन्ही खुणा काढल्या, तळाशी एक ओळ लिहिली, देवाचं नाव घेऊन मशीन बंद करून चालू केलं.

काळ्या स्क्रीनवर दोन ओळी आल्या. वर विंडोज, खाली लिनक्स. मला एवढा आनंद झाला की मी सासूबाईंना हाक मारली. खालची ओळ निवडून बटण दाबलं. स्क्रीनने क्षणभर विचार केला आणि सांगितलं की फाइल सापडत नाही.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा मी टेबलावर इतक्या जोरात थाप मारली की शेंगांची टोपली हलली. या मशीनला कुणाची नजर लागली, असं काहीतरी बडबडले. तेव्हा मागून सासूबाई हळूच म्हणाल्या, "नजर नाई वो. मीच केलं ते."

दसऱ्याला आम्ही सगळे बाहेर गेलो असताना त्यांनी उठून हळदकुंकवाचं ताट घेतलं होतं. सकाळी पूजेला त्या मुद्दाम मागे बसल्या होत्या. कुंकू लावायचं ते उजव्या हाताच्या अनामिकेने, आणि ती अनामिका त्यांना उचलवत नव्हती. चारचौघांत डाव्या हाताने कुंकू कसं लावायचं? पण ज्या मशीनने आपला हात परत आणला त्याला कुंकू लावल्याशिवाय राहवेना. म्हणून घर रिकामं बघून डाव्या हाताने लावलं. बटणाला बोट लागलं आणि ट्रे बाहेर आला. त्यांना वाटलं, ते आपणहून नैवेद्य मागतंय. ठेवल्यावर तो आत गेला, तेव्हा तर खात्रीच पटली.

"डाव्या हातानं लावलं म्हनून रुसलं ते," त्या म्हणाल्या. "म्हनून हात परत घेतला माहा."

माझा राग कुठल्या कुठे गेला. इतके दिवस त्या हे एकट्याच पोटात घेऊन बसल्या होत्या. मला रडू आलं, ते लपवायला मी स्क्रीनकडे तोंड केलं आणि विंडोज सुरू करून त्या फायली पुन्हा एकेक तपासायला लागले. आणि तेव्हा दिसलं. मी नोटपॅडमध्ये लिहिलेल्या एका फाइलच्या नावामागे त्याने आपली .txt ही शेपटी लावून ठेवली होती, आणि वर ती मला दिसू नये अशी व्यवस्थाही केली होती. वर्गात मुलांकडून मी हेच घोकून घेते. शेपटी छाटली.

या वेळी खालची ओळ निवडल्यावर अक्षरं भराभर वर सरकत गेली आणि वरण निवायच्या कितीतरी आधी एक साधासा निळा पडदा समोर आला. मी पत्त्यांचा डाव शोधून लावला आणि सासूबाईंना बोलावलं. येईनात. हाताला धरून आणलं. त्यांनी उजवा हात असा ठेवला की जणू माउस तापलेला आहे. चौकटची दश्शी उचलली आणि ओढली. पान हाताबरोबर गेलं. दुसरं उचललं, तेही गेलं. तिसऱ्याला बोट दोनदा पडलं, तर पान आपणहून उडून जागेवर जाऊन बसलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. तेच खेळणार असेल तर मी कशाला बसू, असं त्यांचं म्हणणं. ती आपोआप खेळायची सोय मी शोधून बंद केली.

मला वाटलं, जिंकलं. पण सासूबाईंनी हात थांबवला आणि म्हणाल्या, "आता ते पहिलं लाव परत."

मी चिडलेच. एवढा खटाटोप करून आणलेलं बंद करून पुन्हा ते रखडणारं विंडोज कशाला? त्या काही सांगेनात, फक्त लाव म्हणाल्या. लावलं. बसलो दोघी वाट बघत, त्या शेंगा सोलत, मी धुसफुसत. डाव आला. त्यांनी पान उचललं, ओढलं आणि ते नेहमीसारखं मधेच अडकलं. पण या वेळी त्या स्क्रीनकडे बघत नव्हत्या. मान खाली घालून स्वतःच्या हाताकडे बघत होत्या. माउस डावीकडे नेला, उजवीकडे नेला, गोल फिरवला. वर पान तसंच टांगलेलं.

"हात हालून राह्यला," त्या म्हणाल्या. "पान नाई हालून राह्यलं."

मी हेच महिनाभर सांगत होते, पण सांगितलेलं वेगळं. तेच टेबल, तोच हात, पण पान एका ओळीत अडकतं आणि दुसऱ्या ओळीत नाही, हे त्यांनी स्वतः पारखून घेतलं. फॉरमॅट मारून बसले असते तर दाखवायला जुनं उरलंच नसतं. चांगलं चाललं म्हणजे सुनेने काहीतरी जादू केली, एवढंच त्यांनी धरलं असतं आणि मनातली रुखरुख तशीच राहिली असती. तो डबा पुढे बरीच वर्षं चालला. विंडोज मी कधीच काढलं नाही. सासूबाईही मधूनच वरची ओळ लावायला सांगायच्या, पान अडकलं की हात हलवून बघायच्या, समाधानाने हुं म्हणायच्या आणि खालच्या ओळीवर परत यायच्या.

पुढच्या दसऱ्याला मी सकाळीच ट्रेवर चिकटपट्टी मारून ठेवली. ती बघून सासूबाई मला मास्तरीणबाई म्हणाल्या, म्हणजे रागात होत्या. पण त्यांनी सगळ्यांना मधल्या खोलीत बोलावलं, सासऱ्यांनाही, आणि ताट माझ्या हातात दिलं. स्वतःची उजवी अनामिका कुंकवात बुडवली, वर नेली, थोडी थांबली, मग मॉनिटरच्या कडेला टेकली. बोट थरथरलं म्हणून टिळा वाकडा लागला. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि तेच बोट पुन्हा कुंकवात बुडवून माझ्या कपाळाला लावलं. ते घसरलं आणि भुवईपर्यंत लाल रेघ आली.

नवऱ्याने रुमाल पुढे केला. मी तो परत त्याच्या खिशात घातला आणि तशीच गल्लीत सोनं वाटायला बाहेर पडले.