कोटाच्या खिशातले बटाटे

नोव्हेंबर लागला की लेलंड कुचेराच्या कोटाच्या दोन्ही खिशांत भाजलेले बटाटे असायचे. सामन्याच्या दिवशी त्याची बायको मार्लीस ते ओव्हनमधून काढून फडक्यात गुंडाळून द्यायची. खायला नव्हे. कोल्टन शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात वाकून पायांमधून मागे चेंडू फेकणारा जो गडी असे, त्याच्या हातांत कोच लेलंड ते कोंबायचा. "हात गरम ठेव. बाकीचं मी बघतो." नेब्रास्कातल्या त्या चिमुकल्या गावात बटाट्यांमागचं कारण शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

कॉलेजात लेलंड हेच काम करायचा. हजार वेळा नीट केलं तर कुणी नाव विचारत नाही, एकदा चुकलं की नाव जन्माला चिकटतं, असलं हे काम. त्याच्यामागे उभा राहून तो लांबुडका चेंडू झेलायचा आणि लाथेनं दूर धाडायचा वर्लिन ब्रुन्स, शेजारच्या मिरान गावचा. दोघं एका खोलीत राहायचे, एकाच खटारा गाडीतून सुट्टीला घरी यायचे.

शेवटच्या वर्षीचा शेवटचा सामना जिंकल्यात जमा होता. चेंडू लांब मारून मोकळं व्हायचं, बस्स. थंडी हाडं फोडत होती. पण पुढच्या फळीतल्या गड्यांनी उघड्या दंडांनी, उघड्या हातांनीच खेळायचं ही आमच्याकडची जुनी मिजास. हातमोजे घालणाऱ्याची वर्षभर टवाळी व्हायची. लेलंडची बोटं लाकूड झाली होती. चेंडू सुटला तो थेट वर्लिनच्या डोक्यावरून. प्रतिपक्षानं त्यावर झडप घातली आणि सामना गेला.

हात वर करून मागे धावणाऱ्या वर्लिनचा फोटो पेपरात आला, मग जिल्ह्यातल्या कॅफेंच्या भिंतींवर लागला. चूक एकाची, हसं दुसऱ्याचं.

"गोठ्यातल्या गायीनं नीट फेकला असता!" वर्लिन म्हणाला.

त्या दिवशी दोघांचं बोलणं तुटलं, ते केस पांढरे झाले तरी जुळलं नाही. दोघंही आपापल्या गावच्या शाळेत कोच झाले. दरवर्षी समोरासमोर यायचे, रीतीप्रमाणे हात मिळवायचे, नजर मात्र नाही.

लेलंडनं फार करंडक आणले अशातला भाग नाही. पण मक्याच्या कापणीत एखादा बाप पोराला सोडेना, तर हा शेतावर जाऊन म्हणायचा, "डॅरेल, पोरगं दे सरावाला. सकाळी त्याच्या जागी ट्रॅक्टरवर मी बसतो." आणि खरंच बसायचा. असा माणूस गावाला पुन्हा मिळायचा नाही.

गावच आटत चाललं होतं. शेतं मोठी झाली, घरं ओस पडली. अकरांऐवजी आठ-आठ जणांचा फुटबॉल खेळायलाही पोरं पुरेनात. शेवटी ठरलं, पुढच्या वर्षी शाळा बंद. कोल्टनची पोरं मिरानला जाणार, मिरानचे कपडे घालणार. म्हाताऱ्यांच्या घशाखाली घास उतरेना.

शेवटचा सामना मिरानशीच होता. आदल्या संध्याकाळी चर्चच्या तळघरात बायकांनी संघाला राजमा-खिम्याची झणझणीत चिली आणि दालचिनीचे रोल वाढले.

"उद्या तरी वर्लिनशी बोल," मार्लीस म्हणाली.

"तो बोलला तर बोलेन."

"एका दावणीचे बैल आहात दोघं!"

लेलंडला जिंकायचं नव्हतंच. आपल्या गावाची शेवटची शिट्टी पोरांनी मैदानात उभं राहून ऐकावी, एवढंच त्याच्या मनात होतं.

पण संघात होती नऊच पोरं, त्यातला एक तापानं घरीच राहिला. खेळ निम्म्यावर आला आणि दुसऱ्याचं खांद्याचं हाड मोडलं. उरले सात.

"कोच, खेळणार की सोडणार?" पंचानं विचारलं.

समोर मिरानचे आठ धिप्पाड गडी. सातांना त्यांच्यापुढे घातलं तर आणखी एखादं हाड मोडणार. लेलंडनं पोरांकडे पाहिलं. चेंडू फेकणारा वेड नावाचा पोरगा म्हणाला, "आम्ही खेळतो, कोच."

"गप. तुझ्या आईला मी काय सांगू?" लेलंडनं टोपी काढली. सामना सोडतो, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं.

तेवढ्यात पलीकडून वर्लिन खेकसला, "टकर! बाहेर ये."

मिरानचा सगळ्यात आडदांड गडी बाहेर आला. मिरानचेच लोक ओरडू लागले. वर्लिननं त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि पंचाला म्हणाला, "आमचेही सातच. वाजव शिट्टी."

कोल्टन सडकून हरलं, पण शेवटपर्यंत खेळलं. वेडचा एकही चेंडू वाकडा गेला नाही.

शेवटच्या शिट्टीनंतर वर्लिन मैदान ओलांडून आला. लेलंडनं खिशातला बटाटा काढला आणि वर्लिनच्या हातात ठेवला. वर्लिननं तो दोन्ही तळव्यांत धरला.

"अजून गरम आहे," तो म्हणाला. "तेव्हा सुचला असता तर, गाढवा!"

"तेव्हा अक्कल नव्हती."

"पुढच्या वर्षी माझ्याकडे ये. चेंडू फेकायला शिकवणारा कुणी नाही माझ्यापाशी."

"मी? ते काम तू मला देणार?"

"मग कुणाला देऊ?" वर्लिन म्हणाला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं लेलंडच्या डोळ्यांत पाहिलं. "बटाटे मात्र घेऊन ये."