बाजारामागची गल्ली आणि माझी एक आंघोळ

नांदुऱ्याला गाडीतून उतरतानाच ठरवलं, इथं दोन रात्रींच्या वर राहायचं नाही. काम तेवढंच होतं. भाऊजी गेल्यापासून एकट्या पडलेल्या माईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, कायमचं पुण्याला न्यायचं. परतीची तिकिटं दोघांची काढली होती.

तिच्या गल्लीच्या तोंडाशीच रिक्षा थांबली. "आत नाही जात साहेब, बाजा टाकेल हायेत," रिक्षावाला म्हणाला. बाजा (सुंभाच्या खाटा) भर रस्त्यात, आणि वर मिरच्या वाळत घातलेल्या. मी शिंकत, बॅग सांभाळत निघालो. ओट्यावरच्या आजोबांनी विचारलं, "कोनाकडे?" मी तोंड उघडायच्या आत पलीकडून उत्तर आलं, "माईचा भाऊ व्हय. तिले न्याले आला." हा शेजार कसला, चौकशी आयोग.

माईनं कळण्याची भाकर (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा वाढला. जेवण फक्कड होतं, तेवढं कबूल करतो. पण समोरच्या सुमनबाई न विचारता थेट स्वयंपाकघरात आल्या, ठेचा चाखला आणि "मीठ कमी झालं" म्हणून निघून गेल्या. दार वाजवायची रीत या गल्लीला ठाऊक नसावी.

उन्हानं जीव कावला होता. मी ऐसपैस आंघोळ केली, वर कपडेही धुतले. बाहेर आलो तर माई कपाळाला हात लावून बसलेली.

"अरे, सारा ड्रम रिकामा केला? नळ आता चार-पाच दिवसानं येईन."

अर्ध्या तासात गल्लीभर बोभाटा. मग एकेकीनं आपापल्या साठ्यातला गुंड (पाण्याचा हंडा) आणून माईच्या ड्रममध्ये ओतला. सुमनबाई ओतता ओतता म्हणाल्या, "काऊन भाऊ, पुण्यात काय नदी अंगावर घेता?" सगळ्या हसल्या. मला भयंकर अपमान वाटला.

दुसऱ्या दिवशी मी माईच्या साड्या बॅगेत भरल्या. तिनं त्या शांतपणे काढून परत कपाटात ठेवल्या.

"मी नाही येत रे. सुमन उद्या माहेरी चालली. नळ आला की तिच्या घरचं पाणी मले भराचं हाय. मी दवाखान्यात होती तवा माह्यं तिनंच भरलं."

"हंडाभर पाण्यासाठी या उकिरड्यात राहणार? माझ्याकडे नळ चोवीस तास आहे, माई."

"तेच तं. मंग मी काय करू तिथं?"

मला राग आला. रागाच्या खाली वाईट वाटत होतं, ते मी तिला दाखवलं नाही. परतीच्या गाडीत शेजारच्या रिकाम्या जागेवर तिनं बांधून दिलेली भाकर ठेवली आणि नांदुऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

पुण्यात घर उघडलं. बाल्कनीतली तुळस वाळून काड्या झाली होती. जाताना शेजारी किल्ली द्यावी, हे सुचलंच नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं, कुठं निघालात म्हणून. पुढच्या वेळेसाठी आत्ताच सांगून ठेवावं म्हणून समोरच्या दाराशी गेलो, बेलवर बोट ठेवलं आणि थांबलो. हाक काय मारायची? त्यांचं नाव मला माहीत नव्हतं.