वन्संचा खांदा आणि गाडीचं स्टिअरिंग

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. चौतीस वर्षं नर्स होत्या. निवृत्तीनंतर घरी स्वस्थ बसतील तर त्या वन्सं कसल्या! अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या घरी जाऊन ड्रेसिंग करायचं, नळ्या बदलायच्या, हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. जायच्या त्या माझ्या सासऱ्यांच्या जुन्या गाडीतून. गाडी वन्संपेक्षा चार वर्षांनी लहान. "धाकटी बहीण आहे माझी," म्हणायच्या आणि तिच्यावर ओरडायच्याही तशाच.

गेल्या वर्षी जिन्यावरून पडून त्यांचा उजवा खांदा मोडला. पाच महिने गेले. हाड जुळलं, व्यायाम झाले, डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली. पहिल्याच दिवशी फाटकातून बाहेर वळताना स्टिअरिंग फिरेना. दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन त्यांनी गाडी कशीबशी रस्त्यावर आणली आणि तशीच परत आत लावली.

"संपलं गं आपलं," एवढंच म्हणाल्या. बॅगेतल्या कात्र्या, पट्ट्या काढून कपाटात ठेवल्या. नवरा म्हणाला, "ताई, विकून टाकू." त्यांनी हो म्हटलं. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

विकण्याआधी एकदा फोरमनना दाखवू, असं मीच सुचवलं. फोरमन म्हणजे सासऱ्यांच्या वेळचे मेकॅनिक. बस वर्कशॉपमध्ये फोरमन होते, तेच नाव पडलं. आता पंचाहत्तरी उलटलेली. डोळ्यांनी दोन वर्षांपूर्वी दगा दिला. उजेड-अंधार कळतो, बाकी सगळं धूसर. नवऱ्यानं गाडी त्यांच्या अंगणात नेऊन उभी केली; वन्संना मी बळंच सोबत नेलं.

फोरमननी पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलायला लावली, खाली ठोकळे दिले आणि खिडकीतून हात घालून स्टिअरिंग फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"सिस्टर, चाकं अधांतरी आहेत. आता हे एका बोटानं फिरायला हवं. मला दोन हात लागतायत. माझा खांदा कुठं मोडलाय?"

वन्सं पुढे होऊन बॉनेटपाशी उभ्या राहिल्या.

बॉनेटखाली फोरमनचे हात चाचपत गेले. आधी जोड सगळे हलवून पाहिले. मग स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला, जिथं दाते एकमेकांत फिरून चाकं वळवतात, त्या लोखंडी डबीचं झाकण काढायला लावलं. आत बोट घातलं, वास घेतला.

"ग्रीस कुणी भरलं?"

माझा नवरा खाकरला. ताई अंथरुणावर असताना त्यानं मोठ्या कौतुकानं गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. स्टिअरिंग थोडं ढिलं आहे, तेल गळतंय, म्हणून त्या गॅरेजवाल्यानं घट्ट ग्रीस भरून स्क्रू आवळून दिला होता.

"ग्रीस दात्यांनी एकदा बाजूला सारलं की तिथंच बसतं," फोरमन म्हणाले. "तेल परत वाहून येतं. हे दाते कोरडे घासतायत. आणि त्यात स्क्रूनं त्यांचा गळा आवळलाय."

"म्हणजे माझा खांदा..."

"तुमच्या खांद्याचं मला काय माहीत? गाडीचा आखडलाय, एवढं नक्की."

वन्सं हसल्या. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

"दिसत नाही मला. साफ तुम्ही करायचं," फोरमननी फर्मावलं. वन्संनी पदर खोचला. डिकीत राहून गेलेला ड्रेसिंगचा डबा उघडून, घसा तपासायच्या लाकडी पट्ट्यांनी त्यांनी कोपऱ्याकोपऱ्यातलं वाळक्या मेणासारखं ग्रीस खरवडून काढलं. कापूस पुढे केला तर फोरमन खेकसले, "कापूस नको, धागे राहतात!" मग जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं पुसलं. झाकण बसवलं. नव्वद नंबरचं गिअर ऑइल वन्संनी मोठ्या सिरिंजला नळी लावून हळूहळू आत सोडलं, पेशंटला पेज भरवावी तसं. मी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेकदा फिरवलं. बुडबुडे आले, तेल खाली बसलं, पुन्हा भरलं.

"काठोकाठ नको. तापल्यावर तेल फुगतं, त्याला जागा ठेवा."

स्क्रूला मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. चाकं सरळ करवून, डोळे मिटून, पाव आट्यानं सैल केला. स्टिअरिंग हलवून पाहिलं. केसभर परत आवळला. "थोडं तेल अजून गळेल. गळू दे. महिन्याला पातळी बघत जा."

चाकं जमिनीवर आली. वन्सं बसल्या, फोरमनना शेजारी बसवलं, मी मागे. फाटकातून बाहेर पडताना स्टिअरिंग असं फिरलं की वन्संनी घाईघाईनं चष्मा काढला आणि नाक ओढलं.

"पुढं बघा सिस्टर, आंधळा मी आहे," फोरमन म्हणाले.

परतल्यावर वन्संनी त्यांचे तेलकट हात आपल्या हातांत घेतले. "मी म्हातारी झाले असं धरून बसले होते. तुम्ही मला माझं काम परत दिलंत. हे कुठं फेडू?"

फोरमननी हात सोडवून घेतले नाहीत. "सिस्टर, दोन वर्षं जो येतो तो 'कसे आहात' विचारतो. 'कसं करायचं' हे कुणी विचारलं नव्हतं. आभार मीच मानायला हवेत."

दुसऱ्या दिवसापासून वन्संच्या फेऱ्या सुरू झाल्या. खांदा अजून दुखतो, पण तेवढा दुखणारच, म्हणतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी गाडी फोरमनच्या अंगणात जाते. पातळी बघून झाली की दोघं नदीपर्यंत फेरी मारून येतात. गेल्या रविवारी आम्हाला निघायला उशीर झाला, तर फोरमनच्या सुनेचाच वन्संना फोन आला, "आत्या, निघालात ना? बाबा सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून पायरीवर बसलेत."